परदेशी निकाल हातात आला की आधी काय बघायचं

अगं, वकिलीच्या पहिल्याच महिन्यात हेगचे (देशादेशांतल्या कौटुंबिक-दिवाणी कज्ज्यांचे) सगळे करार पाठ करायला बसू नकोस. आपल्या वडोदऱ्यात कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत-इंग्लंडात आहेत. पक्षकार येतो तो तिकडचा निकाल घेऊनच. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ पासून सुरुवात कर, परदेशी निकाल इथे कधी मानायचा ते त्यात आहे. त्यातले सहा अपवाद मात्र तोंडपाठ हवेत.

नवे वकील शिक्का पाहून फसतात. मागे दांडिया बाजारातली एक मुलगी न्यू जर्सीचा घटस्फोट घेऊन रडत आली. कागदावर अपोस्टिलही होतं. आत पाहिलं तर निकाल एकतर्फी! लग्न इथलं, हिंदू विवाह कायद्याखालचं. ती ना तिकडे राहिली, ना तिथल्या कोर्टापुढे गेली. अपोस्टिल सही-शिक्का खरा एवढंच सांगतं. निकाल इथे मान्य होईल असं नाही. परदेशी घटस्फोट इथे कधी मानायचा यावरचा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव खटला आज रात्रीच वाच, अगदी सावकाश.

दर वेळी एवढं विचार:
- नोटीस कुठे, कशी मिळाली?
- पक्षकार तिथे हजर राहून लढला का?
- घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यात आहे का?

पैशांच्या डिक्रीला (कोर्टाच्या हुकमाला) त्याच संहितेचं कलम ४४-अ: सरकारी यादीतल्या देशांच्या वरिष्ठ कोर्टांची डिक्री थेट इथे बजावता येते. ब्रिटन यादीत आहे, २०२० पासून अमिरातीही. अमेरिका नाही, तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावायचा, तोही ३ वर्षांच्या आत. ही मुदत खूप जण चुकवतात.

मुलाच्या ताब्याचं प्रकरण एवढ्यात एकटीने घेऊ नकोस. परदेशातून पळवून आणलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, इथलं कोर्ट मुलाचं हित बघतं. तसा कागद आला तर संध्याकाळी माझ्याकडे ये, शेजारी बसून मसुदा करू.