आई पहाटे भलतंच बोलते? आधी त्याच क्षणाची शुगर बघा

ताई, तुमच्या आईंबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि आमचे अण्णाच डोळ्यासमोर आले. आईंना पंधरा वर्षांची शुगर, गोळ्या वेळेवर, रिपोर्ट चांगले, तरी पहाटे काहीबाही बोलतात, दुपारपर्यंत परत शहाण्यासारख्या, आणि वाडीतले सांगतायत देवाला गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं हवं तर घाला हो, पण त्या तशा बोलत असतील तेव्हाच बोट टोचून शुगर बघा. सकाळी लॅब उघडल्यावर नाही, तेव्हाच.

पथ्य, चालणं वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते लिहीत बसत नाही.

आम्ही मालवणहून गाडी करून अण्णांना एका मोठ्या ठिकाणी नेलं, नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली, मेंदू आकसलाय म्हणाले, वयोमानाप्रमाणे चालायचंच. शुगरच्या एचबीएवनसी तपासणीचा आकडा 6.1 बघून तर शाबासकी दिली. विस्मरणाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर. गडबड दिवसाच्या कुठल्या वेळेला होते हे एकाने विचारलं नाही, मी सांगायला गेलो तर ऐकायला वेळ नाही. नंतर कित्येक महिने आम्ही त्या महागड्या गोळ्या आणतोय आणि पहाटेचा प्रकार वाढतोय. आजही आठवलं की डोकं फिरतं.

मग एका पहाटे बघतो तर अण्णा पडवीत बसून सोललेल्या नारळाला सोडणं परत गुंडाळतायत, बनियन घामाने चिंब, मला ओळख नाही. वाडीतल्या आशाताई मशीन घेऊन धावत आल्या, शुगर 48. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी म्हणतात, "मी हय कित्याक बसलंय?"

रात्री नुसती पेज पिऊन झोपणारा माणूस, त्यात शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडची रात्रीची गोळी, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंद आणि औषध अंगात रेंगाळणार. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के पण साखर खातो वीस टक्क्यांच्या आसपास, आणि स्वतःचा साठा जवळजवळ शून्य. शुगर 70 च्या खाली गेली की सावध व्हायचं, 54 च्या खाली मेंदू गडबडायला लागतो. आणि एचबीएवनसी ही तीनेक महिन्यांची सरासरी, पहाटेचा खड्डा त्यात दिसतच नाही, उलट अशा खड्ड्यांनीच आकडा छान दिसतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा 6.1 बघून मला तरी आनंद होत नाही, आठच्या आत असला तरी पुष्कळ, हे माझं मत. अमेरिकेतल्या अकॉर्ड चाचणीत शुगर फार कडक ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून 2008 मध्ये तो भाग थांबवला. 2011 मध्ये त्यातलेच मेंदूचे निकाल आले, कडक गटात मेंदू थोडा कमी आकसला होता पण स्मरणशक्तीच्या परीक्षेत फरक काही नाही.

एमआरआय खोटा होता असं नाही म्हणत. जास्त शुगरने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आतल्या पांढऱ्या भागावर डाग पडतात, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस लहान होतो, हे खरंच आहे आणि ते मागे फिरत नाही. अण्णा आजही नावं विसरतात. पण कुडाळच्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी बंद केल्यापासून पहाटेचं सगळं थांबलं. (मी डॉक्टर नाही, तुम्ही मनाने गोळी बंद करू नका, विचारून करा. आणि शुगर नॉर्मल निघाली आणि तोंड वाकडं किंवा हात लुळा वाटला तर थेट हॉस्पिटल.)

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व बघून घ्या, त्यानेही विसरायला होतं. रोज मासे खाणाऱ्या घरात ते कसं कमी असेल म्हणून कोणी तपासतच नाही, अण्णांचं कमी निघालं. बीपीच्या काही गोळ्यांनी शुगर उतरतानाची धडधड कळत नाही, घाम मात्र येतो, तेवढी खूण धरा. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवा, पेढा-चॉकलेट नको, तुपातुपाचं उशिरा चढतं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. एकादशीच्या आदल्या दिवशी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आमच्याकडे यावरून भांडणं झालीयेत.

आणि पावसाळ्यात शुगर मशीनच्या स्ट्रिपची डबी उघडी टाकू नका, आपल्याकडच्या दमट हवेत स्ट्रिपा खराब होऊन मशीन भलताच आकडा दाखवतं.