‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे?

“गाठ नाही, दुखतही नाही, मग नुसत्या खाजेसाठी कशाला तपासून घ्यायचं?” हा प्रश्न मी इतक्या स्त्रियांकडून ऐकला आहे की त्याचे उत्तर एका अनुभवातूनच द्यावेसे वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील अर्थातच बदलले आहेत.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे येत असत. तिसऱ्या भेटीत, निघता निघता, त्या म्हणाल्या, “तिथे जरा खाज असते. आठ महिने झाले. डॉक्टरांनी मलम दिलंय.”

“त्यांना दाखवलं होतं, की नुसतं सांगितलं?”

“छातीला खाज येते एवढंच सांगितलं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे हो, मॅडम.”

“ताई, ‘तिथे’ म्हणजे नेमकं कुठे?”

बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या बसून राहिल्या आणि मग एका दमात म्हणाल्या, “डाव्या बोंडावर. खपली धरते, निघते, खाली ओलसर असतं. आणि ते आत ओढल्यासारखं दिसतं. आधी तसं नव्हतं.”

आठ महिन्यांत त्या जागेचे नाव त्यांनी प्रथमच उच्चारले होते. आधी भीती घालवावी आणि मग पाऊल उचलावे, असे मी मानत नाही. भीतीला नेमके शब्द मिळाले की पाऊल आपसूक उचलले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्या दिवशी योग्य प्रश्न सुचला याचे समाधान मला आजही आहे.

स्तनाग्रातला प्रत्येक बदल घातक नसतो. वयात आल्यापासून आत वळलेली बोंडे किंवा भोवतीच्या काळसर वर्तुळावरचे बारीक उंचवटे यांत सहसा काळजीचे काही नसते, आणि चाळिशीनंतर दाबल्यावर येणारा हिरवट स्राव बहुधा दुग्धनलिका रुंदावल्यामुळे असतो. मात्र एकाच बाजूचे बोंड नव्याने आत ओढले जाणे, न दाबता रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येणे, मलमाने न हटणारी खपली असणे, यांपैकी काहीही दिसले तर गाठ लागण्याची वाट पाहू नये. रक्ताळ स्रावामागेही पुष्कळदा नलिकेतली साधी, कर्करोग नसलेली वाढ निघते, पण ते तपासणीनेच कळते. साधा इसब बहुतेकदा भोवतीच्या वर्तुळावर आणि अनेकदा दोन्ही बाजूंना असतो. इंग्लिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये वर्णिलेला आजार मात्र इसबासारखाच दिसत असला तरी बोंडापासून सुरू होतो, सहसा एकाच बाजूला असतो आणि त्याच्याखाली स्तनात बहुधा कर्करोग असतो. त्याचे निदान मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीने होते.

ताईंना तोच आजार निघाला. त्याखालचा कर्करोग दुग्धनलिकांच्या आतच होता, बाहेर पसरला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर त्या आल्या तेव्हा नणंदेला सोबत घेऊन आल्या होत्या. “हिला पण तिथे...” असे म्हणून त्या थांबल्या, हसल्या, आणि जागेचे नाव घेऊन त्यांनी ते वाक्य पुन्हा सुरू केले.