क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवायचीय, मग पेशंट बघायलाच हवेत का?

ताई, नमस्कार. तुमची मुलगी एसवायबीएला सायकॉलॉजी घेऊन आहे, कॉलेजात एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचं लेक्चर ऐकून आली आणि तेव्हापासून मला पण हेच शिकवायचंय म्हणतेय, आणि तुम्ही विचारताय की एमए झालं की बीएड करून टाकू दे का, पेशंटच्या भानगडीत कशाला पडायचं.

बीएड डोक्यातून काढा, ते शाळेसाठी. सीनियर कॉलेजला एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा आपली राज्याची सेट, ही पात्रता परीक्षा लागते. पण एवढ्यावर ती सायकॉलॉजीची प्राध्यापक होईल, क्लिनिकलची नाही! क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय, त्याला आरसीआयने (भारतीय पुनर्वास परिषद, या व्यवसायाची नोंदणी करणारी सरकारी संस्था) मान्यता दिलेलं, प्रत्यक्ष पेशंट बघून घेतलेलं ट्रेनिंग लागतं. आणि ही ट्रेनिंग जिथे देतात तिथे, म्हणजे बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी ही मनोरुग्णांची मोठी हॉस्पिटलं, पुण्यातली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, असल्या ठिकाणी शिकवणं वर्गात कमी आणि वॉर्डात जास्त चालतं. विद्यार्थिनी पेशंटची हिस्टरी घेऊन केस मांडते आणि तिथल्या शिकवणाऱ्या मॅडम विचारतात, तुला हे डिप्रेशनच का वाटलं, थायरॉइड बघितला का, नवरा काय म्हणतो ते वेगळं विचारलंस का. हे प्रश्न नुसती पुस्तकं वाचून सुचत नाहीत हो, म्हणून पेशंट आधी.

आता एमफिलचं, म्हणजे एमएनंतर हे ट्रेनिंग ज्या कोर्सात मिळायचं त्याचं. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एमफिल बंद केलं, क्लिनिकलला तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, त्यामुळे तिने सायडी (क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट, PsyD) आणि आरसीआयच्या नव्या एमए क्लिनिकलकडे बघावं. अ‍ॅडमिशनआधी आरसीआयच्या साइटवर त्या कॉलेजपुढे तोच कोर्स लिहिलाय का ते स्वतः बघा, चार महिन्यांच्या ऑनलाइन 'क्लिनिकल' डिप्लोमाला पैसे घालू नका प्लीज.

पैशांचं खरं सांगते, सहायक प्राध्यापकाचं बेसिक ५७,७०० पासून सुरू होतं, पण ते पर्मनंट झाल्यावर, तोवर कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर रखडतात. आरसीआय नोंदणी असली तर तेवढ्या काळात हॉस्पिटलला काम तरी मिळतं. पुढे पीएचडी आहेच, आणि मुलगी जर आत्ताच स्टॅटिस्टिक्सचा पेपर टाळत असेल तर तिथे अडेल, त्याकडे बघा. बाकी लेक्चर दिलेल्या त्या मॅडमना एकदा भेटून तिने विचारावं, आठवड्यातला किती वेळ ओपीडीत जातो आणि किती वर्गात, ते ऐकूनही हेच करायचं म्हणाली तर मला परत लिहा, एन्ट्रन्सच्या तयारीचं बोलू.