सुरुवात कांद्याच्या सूपनेच करा

थंडीत फ्रेंच स्वयंपाक शिकताय ना, मग आधी कांद्याचं सूप करा. पॅरिसच्या जुन्या ले आल बाजारात रात्रभर राबणारे हमाल हेच पिऊन अंगात ऊब आणायचे.

चौघांना किलोभर कांदे, भरपूर लोणी आणि मंद आच. पाऊण ते एक तास लागतोच. नवशिके घाईने आच वाढवतात. कडा करपतात, सूप कडवट होतं. कांदा मऊ, तपकिरी होऊन तळाला धरू लागला, की व्हाइट वाइन शिंपडून तळ खरवडा. खरी चव त्या खरवडीत आहे! मग स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) आणि थाइम हा सुगंधी पाला घाला.

- सूपवर ठेवायला पाव शिळाच घ्या, ताज्याचा लगदा होतो.
- वर ग्रुयेर किंवा कोंते चीज किसून ओव्हनमध्ये बुडबुडे येईपर्यंत ठेवा.

सूफ्ले (अंड्याचा फेस घालून ओव्हनमध्ये फुगवलेला पदार्थ) सध्या राहू द्या. नंतर प्यायला गरम दुधात डार्क चॉकलेट वितळवा, फक्त उकळू देऊ नका.