एकाच वर्षी दोन संस्थांचे दोन ‘नॅशनल चॅम्पियन’ असतील तर खरा कोणता मानायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ दोन वर्षं ट्रायल्सची बाइक चालवतोय, एका संस्थेने ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ म्हणून भरवलेल्या स्पर्धेत तो पहिला आला, ढाल घरी आली, पेढे वाटून झाले. आता दुसऱ्या गटातले लोक म्हणतायत की ती स्पर्धा मान्यताप्राप्तच नव्हती. मग तो चॅम्पियन आहे की नाही?

वाटलेले पेढे परत मागू नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं जरा सावकाश.

मी निगडीत राहतो, नोकरी चाकणला. पुण्याच्या आजूबाजूला धुळीत ज्या काही दुचाकी स्पर्धा होतात, त्यांत बरीच वर्षं झेंडे घेऊन किंवा गुण लिहायची पाटी घेऊन उन्हात उभा राहिलोय. स्वतःही चालवली, पण त्याबद्दल खाली एकदाच बोलेन.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायल्स म्हणजे रेस नव्हे. सत्तर किलोच्या आसपासची, सीट जवळजवळ नसलेली बाइक घेऊन दगड, ओढे, कडे असं आखून दिलेलं एक एक ‘सेक्शन’ पार करायचं. पाय टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात, हद्दीबाहेर गेलात, तर पाच. शून्यात निघालात तर ‘क्लीन’. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो जिंकला. प्रत्येक सेक्शनला एक ऑब्झर्व्हर असतो आणि बहुतेक निकाल त्याच्या नजरेवर ठरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शिक्का कुणाचा, हा एक. विजयाची किंमत किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कागदावर असतं. दुसऱ्यासाठी त्या दिवशी तिथे कोण कोण आलं होतं ते विचारावं लागतं.

शिक्क्याचं आधी. दुचाकी खेळांची जागतिक संस्था एफआयएम. ती 1904 साली पॅरिसमध्ये, वेगळ्या नावाने, सुरू झाली. एका देशातल्या एका संस्थेला ती आपला प्रतिनिधी मानते. भारतात ती जागा एफएमएससीआयकडे, म्हणजे मोटर स्पोर्ट्स क्लब्जच्या राष्ट्रीय फेडरेशनकडे आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय म्हणून उतरायचं तर लायसन्सची वाट तिथूनच जाते. मान्यता असलेल्या स्पर्धेला परमिट असतं, नियमांवर देखरेख ठेवणारे स्ट्युअर्ड असतात, निकालावर तक्रार करायची ठरलेली पद्धत असते. आणि विमा. तुमच्या रोजच्या गाडीच्या पॉलिसीचा कागद काढून बारीक अक्षरं वाचा. कोणत्या वापराला संरक्षण नाही त्या यादीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग यांच्या शेजारी ‘रिलायबिलिटी ट्रायल’ हेही शब्द सापडतील. शंभर वर्षांपूर्वी मोटारसायकल टिकते की नाही हे पाहायला जी परीक्षा घेत, तिलाच ट्रायल म्हणत. आपला खेळ त्यातूनच निघालाय. खेळ बदलला, विम्याच्या कागदाने मात्र जुनं नाव धरून ठेवलंय. तेव्हा हाड मोडलं तर खर्च कोण देणार, हे आयोजकाला विचारायलाच हवं.

इथपर्यंत शिक्केवाल्यांची बाजू बरोबर आहे. पण यावरून ‘आमचाच चॅम्पियन खरा’ असं निघत नाही.

याला उदाहरण म्हणून लोक बॉक्सिंगमधल्या चार संस्थांचे चार पट्टे सांगतात. मला इतक्या लांब जायची गरज वाटत नाही, आपल्या घरचीच भाऊबंदकी आहे की. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. कुस्तीगीर परिषद आणि कुस्तीगीर संघ, दोघांचं म्हणणं एकच: खरे आम्ही. फुलगावला, म्हणजे आपल्या पुण्याच्या हद्दीवरच, सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं आणि तो केसरी झाला. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि तोही केसरी झाला. एका आखाड्यात अंतिम कुस्ती हरलेला माणूस दुसऱ्या आखाड्यात विजेता! 2025 मध्ये पुन्हा तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके.

मला यात भांडणापेक्षा लोकांची गंमत वाटली. आमच्या कँटीनमध्ये कुणी ‘कोणत्या संघटनेला दिल्लीची मान्यता’ असं विचारत नव्हतं. सगळे विचारत होते, समोर कोण होता? सिकंदर शेखला कुणी खोटा केसरी म्हणालं नाही, कारण त्याने राक्षेला पाडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि राक्षेलाही कुणी खोटा म्हणालं नाही, कारण तो त्याआधी जानेवारीत कोथरूडला केसरी झालेलाच होता. दोन्हीकडे तगडे मल्ल उतरले म्हणून दोन्ही गदांना वजन आलं. एका गटाने उद्या चार नवख्या पोरांत केसरी लावली, तर शिक्का कितीही अस्सल असो, वस्ताद मंडळी हसतील.

ट्रायल्सच्या इतिहासातही हेच दिसतं. एफआयएमचं जागतिक अजिंक्यपद सुरू झालं 1975 साली. त्या वर्षीचा विजेता बुल्टाको ही स्पॅनिश बाइक चालवणारा मार्टिन लॅम्पकिन. पण त्याच्या आधीचा सॅमी मिलर? दोनदा युरोपियन चॅम्पियन, ब्रिटनचं अजिंक्यपद वर्षानुवर्षं सलग, आणि बुल्टाकोची शेर्पा ही ज्या गाडीने हा खेळच बदलला ती घडवण्यात मोठा हात. ‘वर्ल्ड चॅम्पियन’ हा शिक्का त्याच्या नावापुढे नाही, कारण तो जिंकत होता तेव्हा शिक्का बनलाच नव्हता. तरी जुन्या लोकांना विचारा, ते मिलरचं नाव कुठे ठेवतात.

स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल तर याहून मजेशीर. ती 1909 पासूनची. जागतिक अजिंक्यपदाची ती फेरी नाही, भरवतो एडिनबरोचा एक क्लब. पण ती जिंकणं म्हणजे काय, हे चालवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. मार्टिनचा मुलगा डगी 1997 ते 2003 सलग सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन होता, आणि सगळं मिळवून झाल्यावरही दर मे महिन्यात त्या चिखलात जात राहिला. ती ट्रायल त्याने 12 वेळा जिंकली. त्याला तिथे कुठली मान्यता मिळवायची होती?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सवतासुभा मांडणाऱ्यांचा वकील आहे. फुटून निघणं सोपं असतं, टिकणं अवघड. 1979 च्या अखेरीस केनी रॉबर्ट्स, बॅरी शीन अशा अव्वल रेसर्सनी एफआयएमला कंटाळून स्वतःची वर्ल्ड सिरीज काढायचं जाहीर केलं. तक्रारी रास्त होत्या, बक्षिसाची रक्कम हास्यास्पद आणि ट्रॅक जीवघेणे. पण सर्किटवाले कचरले. एफआयएमशी वाकडं घेतलं तर बाकीच्या रेस जातील ही भीती. मालिका झालीच नाही. मात्र त्या धमकीनंतर बक्षिसं वाढली. आणि पुणेकरांनी विसरू नये असं आणखी एक, 2012 ची वर्ल्ड सिरीज हॉकी. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती, आपली पुणे स्ट्रायकर्स थेट अंतिम फेरीत पोचली होती, आणि पुढच्या वर्षी ती लीगच उरली नाही. त्या मोसमातलं एखादं खेळाडूचं नाव आठवतंय का बघा.

आता तुमच्या प्रश्नातला खरा काटा. ‘मान्यता नव्हती’ असं म्हणणारा माणूस स्वतः कोण आहे? मान्यता देणारी संस्था जर स्वतःही स्पर्धा भरवत असेल, प्रायोजक घेत असेल, तर दुसऱ्याला परवानगी नाकारण्यात तिचा फायदा असतो. यावर युरोपात नेमका दुचाकींचाच खटला झालाय. ग्रीसमध्ये मोटोए नावाच्या संस्थेला 2000 साली स्पर्धा भरवायच्या होत्या. तिथल्या कायद्यानुसार परवानगीसाठी एल्पाची संमती लागे, आणि एल्पा म्हणजे एफआयएमची ग्रीसमधली प्रतिनिधी, जी स्वतःही स्पर्धा भरवत होती. एल्पाने ना हो म्हटलं ना नाही. अर्ज पडून राहिला. (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल.) प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयात गेलं आणि 1 जुलै 2008 ला निकाल लागला: स्वतः स्पर्धा भरवून पैसा मिळवणाऱ्या संस्थेच्याच हाती, कसलंही बंधन किंवा फेरतपासणी न ठेवता, इतरांना परवानगी देण्याचा अधिकार देणं हे बाजारातल्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये स्केटिंग महासंघाविरुद्धच्या निकालातही न्यायालयाने तोच धागा पुढे नेला. तो कायदा आपला नव्हे. पण आखाडा माझा, पंच माझा आणि फाटकावरची पावतीही माझी, हे चालायचं नाही, एवढं त्यातून आपणही घेऊ शकतो.

आता कबूल केलं होतं ते माझं. वाघोलीच्या बाजूला एका बंद पडलेल्या दगडखाणीत बऱ्याच वर्षांपूर्वी एक ट्रायल झाली होती. आयोजकांचं नाव घेत नाही, आता ते काय करतात मला माहीतही नाही. फ्लेक्सवर लिहिलं होतं ‘ऑल इंडिया’. माझ्या गटात आम्ही चार जण, त्यातला एक दुसऱ्या सेक्शनला क्लच जळून घरी गेला. मी तिसरा आलो. म्हणजे शेवटचा. कपावर कोरलंय ‘अखिल भारतीय तृतीय क्रमांक’, आणि शब्दशः त्यात काही खोटं नाही. आमच्या आईने तो दोन वर्षं शोकेसमध्ये ठेवला. आता त्यात भाजीवाल्यासाठी सुट्टे पैसे असतात. वाईट याचं वाटलं की एका सेक्शनला ऑब्झर्व्हर म्हणून आयोजकाचा पुतण्या उभा होता आणि तो बहुतेक वेळ फोनवर होता. मी तिथे दोनदा पाय टेकला. कागदावर क्लीन लिहिलेलं होतं. मी काही बोललो नाही. तेव्हा ‘मान्यता’ या शब्दाचा अर्थ मला कळला: त्या दगडाशी कुणीतरी पायाकडे बघत उभं असणं.

म्हणून भावाच्या स्पर्धेबद्दल मी असं बघेन. फेडरेशनच्या त्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये ती होती का, नियमपत्रिकेवर परमिट नंबर होता का. हे दहा मिनिटांत कळतं. नसेल तर ‘राष्ट्रीय’ हा शब्द बायोडेटात लिहू नका, आयोजकाचं नाव घालून लिहा, कुणी बोट ठेवणार नाही. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र वापरायचा विचार असेल तर आणखी जपून. तिथे खेळ यादीत आहे का, संस्था कोणती, हे क्रीडा विभाग पडताळून बघतो, आणि आपल्या राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजून गेल्यापासून कडकपणा वाढलाय. फेडरेशनचं लायसन्स त्याने काढलेलं असेल, तर पुढच्या वेळी अमान्य स्पर्धेत उतरण्याआधी नियम वाचावेत, कारवाई होऊ शकते. लायसन्सच नसेल तर आधी ते काढा, शिक्क्याचं भांडण त्यानंतर.

आणि त्याची किंमत ठरवायची असेल तर ढाल बाजूला ठेवून निकालाचा पूर्ण तक्ता मागवा. किती जण उतरले, दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्यांपैकी कुणी इथेही होतं का, दुसऱ्या क्रमांकाला किती दंड पडला. सेक्शन इतके सोपे असतील की निम्म्या लोकांनी सगळं क्लीन काढलं, तर पहिला नंबर बराचसा नशिबाचा. सगळ्यांनाच पाच-पाच पडले असतील तर आखणाऱ्याला आखता येत नाही. मधला, पसरलेला तक्ता असेल आणि त्यात तुमचा भाऊ वर असेल, तर तो चांगला चालवतो. मग फ्लेक्सवर काहीही छापलेलं असो. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस) लीगची पहिली फेरी झाली तेव्हापासून पोरं धुळीतल्या बाइककडे वळतायत, ट्रायल्सकडे मात्र अजून मूठभरच. या मूठभरांतही दोन गट आहेत हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं निघतात, हे आपण गणपतीत बघतोच.

तो तक्ता मिळाला तर इथे टाका, नावं झाकून. सेक्शननिहाय आकडे असतील तर फारच उत्तम. आणि ऑब्झर्व्हरच्या सह्या आहेत का तेही बघून सांगा.