सर्व्हेअरने सांगायच्या आधी तू सांग

तुझा मेल वाचला. शिडाच्या बोटी खरेदी-विक्रीत ब्रोकर म्हणून उतरायचंय, त्यातही क्रूझिंगच्या, म्हणजे ज्यावर माणसं महिनोन्महिने राहतात आणि समुद्र ओलांडायचे बेत करतात अशा. आणि पहिला प्रश्न कमिशनचा! बरोबरच आहे म्हणा, तो आधी उरकून टाकू.

साधारण विक्रीच्या किमतीच्या 10 टक्के, ते विकणारा देतो. गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रोकरने आणलं असेल तर ते दोघांत वाटलं जातं आणि तुझ्या वाट्यातूनही तुझी फर्म आपला हिस्सा काढून घेते. बोट गेली तर पैसे, नाही गेली तर एवढी धावपळ फुकट, त्यामुळे पहिल्या वर्षी घरखर्चाची दुसरी काहीतरी सोय हवीच. लायसन्सचं प्रत्येक ठिकाणी वेगळं, फ्लोरिडात 32 फुटांच्या वरच्या बोटी विकायला लागतं, कॅलिफोर्नियात 16 फुटांपासूनच, आणि बऱ्याच देशांत काहीच लागत नाही म्हणून तिथे कोणीही उठतो आणि ब्रोकर होतो.

आता खरं काम. लिस्टिंग, म्हणजे विकायला काढलेली बोट आपल्याकडे नोंदवून तिची जाहिरात करायचं काम, घ्यायला जाशील तेव्हा मालक कौतुकाने नवा चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन) दाखवेल, सोलर पॅनल दाखवेल, गाद्यांचं नवं कापड दाखवेल. सगळं बघ, छान म्हण, आणि मग खालच्या फळ्या उचलायला सांग. बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत, पाणी आहे का, डिझेलचा वास येतो का, कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, बोटीला धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या आजूबाजूला गंजाचे ओघळ आहेत का ते बघ. मग केबिनमधली कपाटं उघडून टॉर्च मार. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा सगळा ताण ज्या पट्ट्यांवर येतो त्या चेनप्लेट डेकमधून खाली येतात, तिथे लाकडावर तपकिरी डाग दिसला की समज पाणी झिरपतंय. आणि स्टेनलेस आहे म्हणून निवांत राहू नकोस, हवा न लागता सतत ओलं राहिलं की ते डेकच्या जाडीत, जिथे नजर पोचत नाही तिथे झिजतं, वर दिसणारा भाग मात्र चकचकीतच. डेकवर कठड्याच्या खांबांपाशी पाय दाबून चाल, मऊ लागलं तर आतलं बाल्सा लाकूड भिजलेलं असू शकतं. तारा शेवटच्या कधी बदलल्या ते विचार आणि पावती माग, कारण 10-15 वर्षं झाली की बऱ्याच विमा कंपन्या त्या बदलायलाच सांगतात. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद बोटीच्या तळातून थेट खाली पंख्यापर्यंत नेणारी जोडणी, असेल तर त्याच्या रबरी डायफ्रॅमचं वयही विचार, व्होल्वो पेंटा तो दर 7 वर्षांनी बदलायला सांगते आणि खूप मालकांना त्याचा पत्ताच नसतो.

हे सगळं लिस्टिंगमध्ये लिही, फोटोसकट. मालक चिडेल, म्हणेल तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या? तू त्याच्याच बाजूने आहेस, आणि नेमकं म्हणूनच लिहायचं, ते त्याला नीट समजावून सांग.

कारण सौदा मोडतो तो सर्व्हेच्या दिवशी, म्हणजे गिऱ्हाईकाने नेमलेला तज्ज्ञ, सर्व्हेअर, बोट तपासतो त्या दिवशी. ऑफर येते, साधारण 10 टक्के डिपॉझिट वेगळ्या खात्यात पडतं (या पैशाला कधीही, कुठल्याही कारणाने, एका दिवसासाठीसुद्धा हात लावायचा नाही), पण ऑफर सर्व्हे आणि सी ट्रायलच्या (समुद्रात चालवून बघायच्या) अटीवर असते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत गिऱ्हाईक डिपॉझिट घेऊन उठून जाऊ शकतं. बोट पट्ट्यांवर उचललेली, खालून पाणी ठिबकतंय, सर्व्हेअर छोट्या हातोडीने टकटक करत चाललाय आणि एका जागी टकटकचा आवाज बदलून बद्द येतो. तो थांबतो, परत मारतो, खडूने गोल काढतो. उचलायचे पैसे गिऱ्हाईकाचे, सर्व्हेअरची फी पण त्याचीच, त्यामुळे गिऱ्हाईक त्या गोलाकडे कसं बघत असेल विचार कर. तोच दोष त्याने तुझ्या लिस्टिंगमध्ये आधी वाचला असेल तर तो ऑफर देतानाच हिशोबात धरलेला असतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. वाचला नसेल तर त्याच्या डोक्यात एकच येतं, हे लपवलं तर अजून काय काय लपवलंय, आणि मग साधा गळका नळसुद्धा त्याला कट वाटायला लागतो.

त्या दिवशी सर्व्हेअरशी वाद घालू नकोस, त्याच्या मागे मागे फिरू नकोस. सर्व्हेअर गिऱ्हाईकाने निवडायचा, तू फार तर चार नावं द्यायची. आणि इंजिन आधीच गरम करून ठेवू नकोस, लोकांना वाटतं तेवढाच त्रास वाचला, पण चांगला माणूस आल्या आल्या इंजिनला हात लावून बघतो, गरम लागलं की थंडीत हे नीट सुरू होत नसणार असंच धरून चालतो.

किमतीचं म्हणशील तर मालक आपण किती ओतले ते मोजतो, बाजार ते मोजत नाही. तशाच बोटी प्रत्यक्षात कितीला गेल्या ते आकडे त्याच्यासमोर ठेव, जाहिरातीतल्या किमती नकोत, त्या सगळ्या त्याच्यासारख्याच मालकांनी ठरवलेल्या असतात. तरीही ऐकत नसेल तर लिस्टिंग सोडून दे, दोन वर्षं धक्क्याला पडून राहिलेली बोट तुझंही नाव खराब करते.

कागद कंटाळवाणे आहेत पण तिथे घाई नको. बोटीवरचं देणं बोटीलाच चिकटतं, मालक बदलला म्हणून सुटत नाही, त्यामुळे यार्डाची थकबाकी, बँकेचं कर्ज सगळं मिटल्याचं लेखी घे. युरोपात व्हॅट भरल्याचा पुरावा आणि जून 1998 नंतर तिथे पहिल्यांदा विकलेली बोट असेल तर सीई मार्किंग (बोट युरोपच्या नियमांत बसते याची खूण), हे पहिल्याच भेटीत मागायचं, सौद्याच्या आदल्या रात्री नाही.

गिऱ्हाईक जोडप्याने आलं तर जास्त बोलणाऱ्याला बोलू दे आणि दुसरं माणूस कुठे बसतंय ते बघ. बहुतेक वेळा एकजण प्रशांत महासागर ओलांडत असतो आणि दुसरं टॉयलेटच्या दारात उभं राहून आपण इथे आंघोळ कशी करणार याचा विचार करत असतं. उत्तर त्या दुसऱ्या माणसाला दे.

पहिलं लिस्टिंग मिळालं की फोटो पाठव, केबिनमधल्या उश्यांचे नकोत, चेनप्लेटचे आणि बिल्जचे पाठव.