लेसर, अणू आणि प्राध्यापकांची हयात

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. लेसर व अणू यांवरील संशोधनात हयात घालवलेल्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकल्यापासून तिने तोच ध्यास घेतला आहे. एकाच धातूच्या अणूंवर माणूस तीस वर्षे नेमके करतो तरी काय, आणि या वाटेने पोटापाण्याची सोय होते का?
– एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : आधी पहिल्या प्रश्नाकडे वळू, कारण ते काम मनाला भावले नाही तर पगाराचा आकडा कळूनही उपयोग नाही.

तो धातू बहुधा रुबिडियम असावा. नेहमीच्या तापमानाला त्याच्या वाफेतले अणू सेकंदाला सरासरी २७० मीटर वेगाने धावत असतात. त्यांच्यावर समोरून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोडतात आणि त्याची वारंवारता अणूला हवी असते त्यापेक्षा किंचित कमी ठेवतात; त्यामुळे लेसरच्या रोखाने धावत येणारा अणूच, डॉप्लर परिणामाच्या कृपेने (समोरून येणाऱ्याला वारंवारता वाढलेली जाणवते), तो प्रकाश शोषू शकतो. एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणामागे, अणूचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने कमी होतो, पण सेकंदाला लक्षावधी फोटॉन शोषले जात असल्याने काही मिलिसेकंदांत अणू जवळजवळ थांबतो, म्हणजेच थंड होतो. या तंत्रासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले. त्याआधी १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनी रुबिडियमचेच अणू याहून कितीतरी थंड करून, सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून आइन्स्टाइन यांनी वर्तवलेली पदार्थाची अवस्था प्रत्यक्षात आणली होती. आज असे थंड अणू घड्याळांत, गुरुत्व मोजणाऱ्या उपकरणांत आणि क्वांटम संगणकाच्या प्रयोगांत वापरले जातात.

हे झाले व्याख्यानातले. संशोधकाचा दिवस मात्र बहुतेक वेळा उपकरणाशी झटण्यातच जातो. अणू ज्यात ठेवतात त्या निर्वात, म्हणजे हवा काढून घेतलेल्या, कक्षाच्या आतल्या भागाला उघड्या बोटाचा ठसा लागला तरी त्या तेलकटपणाने निर्वात बिघडतो, म्हणून तो हातमोजे घालून जोडायचा आणि मग कित्येक दिवस तापवत ठेवायचा. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेमच दिसतो. त्यामुळे खास कार्डावर त्याचा ठिपका पाहत एकेका आरशाचा स्क्रू केसभर फिरवायचा. खोलीचे तापमान थोडे हलले तरी लेसर भरकटतो. (रुबिडियम ३९ अंश सेल्सिअसला वितळतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तो बंद काचनळीतही घन राहणार नाही.) ज्याला या खटपटीत रस वाटतो, त्याला तीस वर्षे कमीच पडतात.

आता पोटापाण्याचे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि त्याशिवाय घरभाडे भत्ता मिळतो. गेट आणि जेस्ट या परीक्षांनीही संशोधन संस्थांची दारे उघडतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, त्यानंतर दोन-चार वर्षे बहुधा परदेशी पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद), आणि मग प्राध्यापकपद, असा हा क्रम आहे. कायम नोकरी तिशीच्या मध्यावर मिळते, तीही सर्वांना नाही. हे घरात आधीच बोलून घ्यावे. दिलासा इतकाच की केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले असून, निर्वात, लेसर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांत हात बसलेल्या माणसाला उद्योगांतही मागणी आहे. लेसर आणि अभियांत्रिकी यांचे नाते जुनेच आहे : कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बनवणारे, बारामतीत जन्मलेले कुमार पटेल पुण्यात अभियांत्रिकीच शिकले होते.

पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळुरूची रमण संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र येथे या विषयांवर काम चालते. मात्र संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाची निवड अधिक महत्त्वाची. मुलीने शक्य तर उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत प्रकल्प करावा, उपकरण सध्या चालू आहे की उभे राहायचे आहे हे विचारावे, आणि तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शक समोर नसताना बोलावे. तोवर महाविद्यालयातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकांना दांडी मारू नये.